सनईतलं लाकूड

बाळासो गुरव उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात वायरमन होता, पण घराणं सनईचं. वडिलांना घरातले दादा म्हणत, म्हणून गल्लीही दादाच म्हणे. दादा पहाटे शिवाजी पेठेतल्या एका छोट्या देवळात सनई वाजवायचे आणि लग्नसराईत मांडवामांडवांतून. लहानपणी बाळासो त्यांच्या शेजारी बसून सूर धरायचा. सूर धरणं म्हणजे दादांनी राग फुलवायचा आणि ह्यानं गाल फुगवून एकच स्वर शेवटपर्यंत सांभाळायचा. त्यापलीकडं त्याची मजल कधी गेली नाही. मिसरूड फुटलं तसं त्यानं आयटीआय गाठलं, कारण एका स्वरावर कुणी पोरगी देत नाही. दादा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तो न बोललेला शब्द बाळासोच्या मानेवर पुढची वीस वर्षं बसून राहिला.

दादांची शेवटची सुपारी शहाण्णव सालची. वर्कशॉपचे मालक गुरुप्रसाद साहेब, त्यांच्या लेकीचं, अदितीचं, लग्न. दादांच्या दाढा तोवर गेल्या होत्या, पुढचे दात हलत होते, तरी म्हातारा दोन दिवस हटला नाही. तिसऱ्या दिवशी बिदागी घ्यायला बापलेक साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेबांनी चहा मागवला आणि मोठ्या हौसेनं आपला सीडी प्लेअर दाखवला. जर्मनीला मशिनरीचं प्रदर्शन बघायला गेले होते, येताना उचलून आणलेला. काळा, बुटका आणि पाट्यासारखा जड. त्यांनी सनईची एक सीडी लावली.

दादांना यंत्रातल्या सनईचा मनस्वी तिटकारा. रेडिओ असो, कॅसेट असो, "पत्र्याची सनई" एवढंच म्हणून ते तोंड फिरवायचे. बाळासोला वाटलं, आता साहेबांच्या तोंडावर म्हणतायत. पण दादांनी बशी खाली ठेवली आणि सोफ्यावरून पुढं सरकले. दोन्ही हात गुडघ्यांवर आले आणि बोटं आपसूक चालायला लागली, जणू सनईच धरली आहे.

"बाळासो, लाकूड ऐकू यालंय रं," ते म्हणाले. "शिसवी हाय. आतनं वारं जाताना लाकूड बोलालंय बघ."

तास होत आला तरी म्हातारा उठेना. शेवटी साहेबांची जेवायची वेळ झाली म्हणून बाळासोनं त्यांना दंडाला धरून उठवलं. रंकाळ्याच्या वळणावर दादा एकदम म्हणाले, "यंत्राला जमलं गड्या." पन्नास वर्षांत त्यांनी दुसऱ्या कुणा वाजवणाऱ्याला एवढं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

पुढं दात गेले आणि सनई खुंटीला लागली. बाळासोनं मोठ्या आशेनं बाजारातला सीडी प्लेअर आणला, चांगला चकचकीत, दिव्यांची रांग असलेला. दादांनी दोन मिनिटं ऐकून "पत्रा" म्हटलं आणि मिसरी लावायला उठून गेले. बाळासोनं स्पीकर बदलले, अॅम्प्लिफायर स्वतः बांधला, वायरी बदलल्या. दर वेळी दादा येऊन बसत, मान तिरकी करून ऐकत आणि निकाल देत. पत्रा. जरा जाड पत्रा. परत पत्रा. बाळासोची आई झुंबरबाई म्हणायची, "अवं, पोरगं एवढं राबालंय, एकदा तरी बरं म्हणा की." दादा म्हणायचे, "सुराशी खोटं बोलू व्हय?"

मग दादांचे कान जायला लागले.

आधी फोनची घंटा ऐकू येईनाशी झाली, मग दारावरची हाक. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नस वाळत चालली आहे. बारीक आवाज आधी जातात, बाकीचे मागून. यंत्र लावलं तर बोललेलं कळेल, गाणं नाही. औषध नाही. किती दिवस, असं बाळासोनं विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं धरा, जास्त मिळाली तर नशीब. दादांनी कानाचं यंत्र आठ दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. त्यातून आपल्या बायकोचा आवाजसुद्धा पत्र्याचा येतो, अशी त्यांची तक्रार.

त्या दिवसापासून बाळासोच्या डोक्यात एकच किडा शिरला. कान पुरते मिटायच्या आत दादांना एकदा ते लाकूड ऐकवायचं. बस्स. पोटच्या पोरानं सनई सोडली, निदान सनईनं तरी ह्यांना सोडताना नीट निरोप घेऊन जावं.

तो तडक साहेबांकडं गेला. म्हणाला, तो काळा प्लेअर चार दिवस द्या. साहेब हळहळले. दोनच महिन्यांपूर्वी घरात होम थिएटर आलं, जुना प्लेअर बंद पडला होता, रद्दीबरोबर भंगारात गेला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. बाळासो "असू दे साहेब" म्हणाला आणि बंगल्याच्या फाटकाबाहेर येऊन सायकल हातात धरून नुसता उभा राहिला.

पण वायरमनची जात चिवट. राजारामपुरीतल्या एका इंटरनेट कॅफेत तो रविवार रविवार जाऊन बसायला लागला. इंग्रजी त्याला मोडकंतोडकं येत होतं, पण सर्किटची चित्रं कुठल्याही भाषेत सारखीच. त्याला कळलं ते असं: सीडीवर गाणं नसतंच, नुसते आकडे असतात. त्या आकड्यांचा सूर करणारी एक चिप प्रत्येक प्लेअरच्या पोटात असते. साहेबांच्या प्लेअरमध्ये होती ती जुन्या काळची, अठ्ठावीस पायांची, पंधराशे एक्केचाळीस नंबरची. आता ती कुणी बनवत नाही. नवीन चिपा स्वस्त, थंड आणि हुशार, पण जुनीतला आवाज त्यांच्यात नाही, असं म्हणणारे येडे देशोदेशी पसरलेले होते आणि बाळासोसारखेच भंगार उपसत बसले होते. त्यातही कारखान्यात तपासताना जी चिप उजवी निघे, तिच्या अंगावर एक छोटा मुकुट छापलेला असे. बाळासोनं त्या मुकुटाचं चित्र छापून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. त्या पाकिटात आजवर फक्त बायकोचा, रूपालीचा, फोटो होता. तिनं ते बघितलं आणि म्हणाली, "सवत आणलीसा म्हणा की."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मुंबईच्या एका दुकानदारानं पार्सलनं मुकुटवाली चिप पाठवली. बाळासोनं हौसेनं तिच्या पाठीवरनं थिनरचा बोळा फिरवला, तर मुकुट, नंबर, सगळी अक्षरं बोळ्यावर उतरली आणि खालून भलताच नंबर वर आला. दुसरी चिप पुण्याहून आली. ती खरी होती, पण मेलेली. ह्यात वर्ष गेलं. घरात दादांना आता समोर बसून, तोंडाकडं बघत बोलावं लागे. ते मान डोलवायचे, "हां, हां" म्हणायचे, आणि भाजी विचारली तर वेळ सांगायचे.

तिसरी मात्र घराजवळच निघाली. लक्ष्मीपुरीत रविवारच्या बाजाराला गुंडू नावाचा भंगारवाला बसायचा. त्याच्या गोणपाटावर पंख्याची पाती, इस्त्र्या आणि फुटक्या टेपांच्या ढिगाखाली बाळासोला एक काळं, बुटकं खोकं दिसलं. ट्रे मोडलेला, बटणं गायब. उचललं तर पाट्यासारखं जड. पालथं पडलेलं ते सरळ करून वरचं झाकण बघितलं, तर डाव्या कोपऱ्यात हळदीकुंकवाचा जुना, घट्ट बसलेला डाग. साहेबांकडं दर खंडेनवमीला लेथपासून मिक्सरपर्यंत सगळ्यावर हळदीकुंकू पडायचं, त्यातून हा प्लेअरही सुटला नव्हता. बाळासोनं डाग ओळखला. तिथंच उकिडवं बसून त्यानं खिशातला पेचकस काढला आणि झाकण खोललं. धुळीच्या थराखाली मुकुट होता.

"काय गावलं काय पावणं?" गुंडूनं विचारलं.

"गावलं," बाळासो म्हणाला. त्यानं पाकीट काढलं.

त्या डागानं त्याला प्लेअर ओळखायला मदत केली. तो डाग आणखीही काही सांगत होता, पण आनंदात माणसाला तेवढं वाचायला सवड कुठली!

प्लेअरचं डोळ्यासारखं भिंग गेलेलं, त्याचा सुटा भाग कुठं मिळेना, तेव्हा अख्खा प्लेअर जिवंत होणार नव्हता. मग बाळासोनं चिप काढायचं ठरवलं. अठ्ठावीस पाय, एकेकाचं शिसं वितळवून ओढून घ्यायचं, जास्त ताप लागला तर संपलं. दोन संध्याकाळी तो श्वास धरून बसला होता. मग सर्किटची नवीन पाटी बनवली, तीन वेगळ्या दाबांची वीज लागते म्हणून ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, आणि बाजारू डीव्हीडी प्लेअरमधून नुसते आकडे काढून ह्या चिपला दिले. पाटीला डबा पत्र्याचा नको, शिसवीचा पाहिजे, असा त्याचा हट्ट. सुतारानं माप घेतलं आणि दसऱ्यानंतर देतो म्हणाला. सुताराचा दसरा कुठला, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तोवर पाटी कपाटावर उघडीच राहिली.

नवरात्रातल्या सातव्या माळेला ती पहिल्यांदा वाजली. दादा तेव्हा कुरुंदवाडला आपल्या बहिणीकडं, शालूबाईकडं गेले होते, नवमीला परत येणार होते. बाळासोनं तीच सीडी लावली. पहिल्या फुंकरीलाच त्याच्या अंगावर काटा आला. सूर धरणाऱ्याचे का असेनात, कान गुरवाचे होते. सनईच्या नळीतून वारं जात होतं आणि लाकूड बोलत होतं. वेचाळीस वर्षांचा बाप्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडला. झुंबरबाई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"हेच व्हय ते?" तिनं पाटीवर वाकून विचारलं. "काळा किडाच की रं ह्यो."

"किडा न्हवं आये. राजा हाय ह्यो. ह्यो बघ, मुकुट हाय डोक्यावर."

म्हातारीनं चष्मा वर करून बघितलं. खरंच मुकुट होता. तिनं हात जोडले.

"आणि एक ध्यानात ठेव," बाळासो म्हणाला, "ह्याचं बटण बंद करू नको. ह्यो तापलेला असला तरच नीट वाजतो. रात्रंदिवस चालूच ऱ्हाऊ दे."

"न्हाय रं बाबा, हात लावत न्हाय बटणाला," ती म्हणाली. आणि खरंच, शेवटपर्यंत तिनं बटणाला हात लावला नाही.

खंडेनवमीच्या दिवशी वर्कशॉपात नेहमीसारखी गडबड. लेथ धुतले, ग्राइंडरला झेंडूच्या माळा घातल्या. मेन पॅनलची पूजा दर वर्षी बाळासोच्या हातची. हळदीचं बोट टेकवायच्या आधी त्यानं मेन स्विच खाली ओढला, टेस्टर लावून बघितला, मग नारळ फोडला. वायरमनला हे कुणी शिकवावं लागत नाही. जे शिकवावं लागत नाही, ते दुसऱ्याला सांगायचंही सुचत नाही. पेढ्याचा पुडा घेऊन तो दुपारी सायकलवरून घरी निघाला तेव्हा शिट्टी वाजवत होता.

दादा आधीच्या गाडीनं येऊन पोचले होते. पाय धुऊन, टोपी घालून, स्पीकरांच्या बरोबर समोर खुर्ची घेऊन बसले होते. म्हातारीनं त्यांना खुणा करकरून सगळं सांगितलेलं दिसत होतं. बाळासोला बघून ती उजळली.

"ये, ये. तुजीच वाट बघालोय. पूजा बी केल्या मी. तुज्या राजाची पयली केली, मग बाकीच्यांची."

बाळासोनं कपाटाकडं बघितलं. त्याचं सोनाराचं म्हणावं असं बारीक काम झेंडूच्या पाकळ्यांनी झाकून गेलं होतं. मुकुटावर ओल्या हळदीचं जाड बोट, त्यावर कुंकू. हळदीचं पाणी ओघळून दोन्ही बाजूंच्या पायांत उतरलं होतं आणि पायांच्या फटींत अक्षतांचे दाणे अडकले होते. आणि बाजूला लाल दिवा जळत होता. बटण चालूच होतं. तिनं शब्द पाळला होता.

त्यानं चिपवर बोट ठेवलं. चालू असताना त्या चिपला बोट लावलं की चटका बसायचा. आता ती थंड होती. पंधरा व्होल्ट जिथं जायला नकोत तिथं हळदीच्या पाण्यातून गेले होते, आणि ते जायला डोळ्याची पापणी लवते तेवढाही वेळ लागत नाही.

"लाव की रं," दादा म्हणाले. "दोन तास झालं बसालोय."

बाळासोनं सीडी आत सारली आणि बटण दाबलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून दाबलं. डीव्हीडी प्लेअरवर सेकंद पळायला लागले. एक, दोन, तीन. स्पीकरमधून साधी खरखरसुद्धा आली नाही. म्हातारीच्या तोंडावरचं हसू हळूहळू थांबलं. तिनं स्पीकरकडं बघितलं, मग पोराकडं.

दादा पळत्या आकड्यांकडं बघत होते. "वाजालंय काय?" त्यांनी विचारलं.

बाळासोनं नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागणार, आणि आई हातात पूजेचं ताट घेऊन समोर उभी. सत्तरीच्या बाईनं ज्या हातानं पूजा केली, त्याच हातानं नवऱ्याची शेवटची सनई बंद पाडली, हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि हो म्हणावं, तर दादांना कळणार की कान संपले. इकडं आड, तिकडं विहीर. दोघं म्हातारे त्याच्या तोंडाकडं बघत होते, आणि ह्या जगात कुणाला कधी इतकं हतबल वाटलं असेल असं त्याला वाटेना.

पण उत्तर दादांनीच दिलं. त्यांनी एकदा पोराच्या तोंडाकडं नीट निरखून बघितलं आणि मान तिरकी केली.

"हां," ते म्हणाले. "वाजालंय की."

त्यांचे हात गुडघ्यांवर आले. बोटं चालायला लागली. डोळे मिटले, मान हळूहळू डोलायला लागली. बाळासो त्या बोटांकडं बघत राहिला. सीडीवर संध्याकाळचा राग होता. दादांची बोटं पहाटेची भूपाळी वाजवत होती, देवळातली, ज्या भूपाळीला त्यानं गाल फुगवून सूर धरला होता. प्रत्येक वळण त्याच्या ओळखीचं होतं. म्हणजे दादांना काही ऐकू येत नव्हतं. आज नाही, कदाचित वर्षभर नाही. तो थिनरचे बोळे फिरवत होता, मुंबई-पुण्याला पत्रं टाकत होता, तेव्हाच ते कान मिटून गेले असतील. आणि "सुराशी खोटं बोलू व्हय" म्हणणारा माणूस आज सुराशी खोटं बोलत होता.

"लाकूड हाय," दादा डोळे न उघडता म्हणाले. त्यांच्या गालावरून पाणी आलं. "लई राबलास रं पोरा. शिसवीच हाय ही."

म्हातारी ताट घेऊन आत निघून गेली. बाळासो दादांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला. चाळीस मिनिटं, सेकंदांचे आकडे थांबेपर्यंत, तो नुसता बसून राहिला. लहानपणीही त्याला एवढंच जमायचं.

त्यानंतर रोज दिवेलागणीला दादा म्हणायचे, "लाव रं जरा." बाळासो सीडी लावायचा. आकडे पळायचे, बोटं चालायची. पाव्हणे आले तर रूपाली त्यांना बाहेरच्या खोलीत बसवायची. दिवाळीनंतर सुतारानं शिसवीचा डबा आणून दिला, देखणा झाला होता. बाळासोनं पाटी त्यात बसवली, पायांच्या फटींतले तांदूळ त्यानं काढले नव्हते. उन्हाळ्यात गुंडूनं बाजारात हाक मारली, तसलंच आणखी एक काळं खोकं आलंय म्हणाला, ह्याच्यात बी मुकुट दिसतोय. बाळासोनं ते हातात घेतलं, वजन बघितलं आणि परत ठेवलं.

"का रं पावणं? एवढं हिंडत हुतास की."

"नको," बाळासो म्हणाला. "घरातलं चाललंय चांगलं."

पुढच्या खंडेनवमीला झुंबरबाई ताट घेऊन आली. वर्षभरात ती त्या नवमीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, आणि तिला काही कळलं नाही अशी बाळासोनं स्वतःची समजूत घातली होती. डब्यासमोर ती थांबली. वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं आणि तसंच धरून उभी राहिली.

"बाळासो," ती हळूच म्हणाली, "आधी बटण बंद कर."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती.

"आणि झाकण उघडू नको," ती म्हणाली. "वरनंच लावते."

बाळासोनं वाकून बटण बंद केलं. लाल दिवा विझला. तिनं शिसवीच्या झाकणावर हळदीकुंकू लावलं, एक झेंडू ठेवला आणि हात जोडून बराच वेळ उभी राहिली.

"झाली न्हवं पूजा?" मागून खुर्चीतून दादा म्हणाले. "मग लाव की रं जरा."